बाहुलीवर बारा टक्के

जुन्या खेळण्यांच्या कंपन्यांचे कॅटलॉग जमवण्याचा शौक हल्ली बराच वाढला आहे. केनर, मेगो, मॅटेल या अमेरिकी कंपन्यांनी सत्तर-ऐंशीच्या दशकांत छापलेली ही चकचकीत पुस्तकं लोक स्कॅन करून इंटरनेटवर टाकतात. त्याखाली ‘काय ते दिवस होते’ असे उसासे पडतात. मूळ प्रत हाती लागली तर संग्राहक तिला चांगले पैसे मोजतात. या गर्दीत आजच्या सुपरहिरो सिनेमांवर चिडलेली मंडळी पुष्कळ दिसतात. त्यांचं म्हणणं असं की, तेव्हा गोष्ट गोष्टीसाठी सांगितली जायची, खेळणी मागाहून यायची. आता सगळा धंदा झाला.

हे खोटं आहे. आणि ते खोटं असल्याचा पुरावा त्याच कॅटलॉगमध्ये आहे. फक्त चित्रांवरून नजर काढून शेजारचा बारीक मजकूर वाचायला हवा.

हे कॅटलॉग मुलांसाठी छापलेलेच नव्हते. मुलांनी चाळावा असा कॅटलॉग अमेरिकेत वेगळा होता. सिअर्स कंपनीचं नाताळचं ‘विश बुक’ घरोघर जायचं आणि मुलं त्यात हव्या त्या वस्तूभोवती पेनाने गोल करायची. आपण ज्यांच्याविषयी बोलतोय ते व्यापाऱ्यांचे कॅटलॉग. न्यूयॉर्कमध्ये हिवाळ्याच्या अखेरीस टॉय फेअर भरायचा. देशभरातल्या मोठ्या दुकानांचे खरेदी अधिकारी तिथे येऊन पुढच्या नाताळाच्या ऑर्डरी नोंदवायचे. त्यांच्या हातात हे पुस्तक पडायचं. प्रत्येक खेळण्याखाली मालाचा क्रमांक, एका खोक्यात किती नग, खोक्याचं वजन, आणि टीव्हीवर जाहिरातीचा मारा कसा होणार याची ग्वाही. माल अजून तयार नसायचा, म्हणून फोटो बहुतेकदा हाताने घडवलेल्या नमुन्यांचे असत. त्यातले काही नमुने पुढे बाजारात आलेच नाहीत. म्हणजे ज्या खेळण्याच्या आठवणीने आज कुणाचे डोळे ओलावतात, ते खेळणं कदाचित कारखान्यातून बाहेरच पडलं नव्हतं.

आणि गोष्ट? कॉमिक, कार्टून, सिनेमा हे सारं या पुस्तकांत मालाला मिळणारा आधार म्हणून येतं. दुकानदाराला सांगितलं जातं, की पोरं हे पात्र पडद्यावर बघणार आहेत, तेव्हा तुमचा माल पडून राहणार नाही. मुलाशी गोड बोलणारी कंपनी दुकानदाराशी सरळ बोलते. मला म्हणूनच या कॅटलॉगांविषयी आदर आहे. इतका प्रामाणिक कागद या धंद्यात दुसरा नाही.

मेगो कंपनीने १९७२च्या सुमाराला सुपरमॅन, बॅटमॅन, स्पायडरमॅन अशा नायकांच्या आठ इंची बाहुल्या काढल्या. धड सगळ्यांचं एकच. डोकं आणि कपडे तेवढे वेगळे. स्वस्तात माल काढायची ही युक्ती होती आणि ती चालली. त्याच मेगोने पुढे ‘स्टार वॉर्स’चा परवाना नाकारला आणि तो केनरकडे गेला. १९७७च्या मे महिन्यात सिनेमा आला, तुफान चालला आणि नाताळापर्यंत खेळणी तयार होणार नाहीत हे केनरच्या लक्षात आलं. त्यांनी काय केलं? रिकामं पाकीट विकलं. आत पुठ्ठ्याचं चित्र आणि एक प्रमाणपत्र. ते टपालाने पाठवलं की पुढल्या वर्षी चार बाहुल्या घरी येणार. नाताळच्या सकाळी हजारो मुलांनी आनंदाने पुठ्ठा उघडला. जॉर्ज लुकासने मर्चंडाइजचे हक्क स्वतःकडे राखून ठेवले होते, आणि त्याची खरी दौलत तिथूनच उभी राहिली. निरागसतेचा जो काळ म्हणतात तो हाच.

सुपरहिरोंकडे परत येऊ. १९८४ साली मार्वलने ‘सीक्रेट वॉर्स’ नावाची बारा अंकांची मालिका काढली. आज तिच्या नावाने चाहते भावुक होतात. ती का निघाली? डीसीच्या पात्रांचा परवाना केनरला मिळाला होता, आणि मॅटेलला तोडीस तोड काहीतरी हवं होतं. मॅटेलने मार्वलला सांगितलं, आम्ही तुमच्या पात्रांची खेळणी काढतो, पण त्यासोबत एखादी मोठी घटना घडवा. मुलांवर चाचण्या घेऊन त्यांना कळलं होतं, की ‘वॉर्स’ आणि ‘सीक्रेट’ हे दोन शब्द ऐकले की पोरं टवकारतात. दोन्ही शब्द जोडले, नाव तयार. ही हकिकत कुणा टीकाकाराने रचलेली नाही. मार्वलचे तेव्हाचे मुख्य संपादक आणि त्या मालिकेचे लेखक जिम शूटर यांनीच ती सांगून ठेवली आहे.

त्या काळात एक भलं कामही झालं, ते सांगायला हवं. जॅक कर्बी हा या सगळ्या नायकांच्या जन्मदात्यांपैकी एक. त्याला आयुष्यभर त्याच्या पात्रांच्या कमाईतला योग्य वाटा मिळाला नाही. केनरच्या ‘सुपर पॉवर्स’ खेळण्यांसाठी डीसीने त्याच्याकडून त्याचीच जुनी पात्रं नव्याने रेखाटून घेतली, जेणेकरून त्याला रॉयल्टी देता यावी. कॉमिकने जे दिलं नाही ते प्लास्टिकने दिलं. अपवाद म्हणून नोंदवतो.

नंतरचा प्रवास भराभर सांगतो. १९९७च्या ‘बॅटमॅन अँड रॉबिन’मध्ये शेवटच्या मारामारीआधी तिन्ही नायक अचानक नव्या चंदेरी पोशाखात अवतरतात. कथेत त्याला काडीचं कारण नाही. दुकानात आहे. दिग्दर्शक जोएल शुमाकर यांनी सांगितलंय, की ‘टॉयेटिक’ हा शब्द त्यांनी याच सिनेमाच्या वेळी पहिल्यांदा ऐकला. टॉयेटिक म्हणजे ज्याचं खेळणं होऊ शकतं असं.

तिकडे १९९३ साली टॉय बिझ नावाच्या कंपनीने मार्वलशी करार केला. मार्वलला टॉय बिझचे ४६ टक्के शेअर, आणि टॉय बिझला मार्वलच्या पात्रांची खेळणी बनवण्याचा कायमचा परवाना, रॉयल्टी न देता. तीन वर्षांत मार्वलचं दिवाळं निघालं. दोन वर्षं कोर्टकचेऱ्या झाल्या आणि १९९८ मध्ये टॉय बिझ व मार्वल एक झाले. सूत्रं खेळणीवाल्यांच्या हातात आली. टॉय बिझचे आयझॅक पर्लमटर मालक झाले, आणि खेळणी डिझाइन करणारे अवी अराद सिनेमाची बाजू बघू लागले. २००९ मध्ये डिस्नेने सुमारे चार अब्ज डॉलरला विकत घेतलं ते हे घराणं. खेळण्यांनी सिनेमा बिघडवला अशी तक्रार करणाऱ्यांना एवढंच विचारावं, की आजोबांनी नातवाला बिघडवलं असं म्हणता, पण घर कोणाचं आहे?

या घरात कारभार कसा चालतो त्याचे दोन नमुने. ‘आयर्न मॅन ३’चे दिग्दर्शक शेन ब्लॅक यांनी २०१६ मध्ये सांगितलं, की त्यांच्या सिनेमातला खलनायक आधी बाई होती. वरून निरोप आला, बाईचं खेळणं खपत नाही. बाईचा पुरुष झाला. ‘एज ऑफ अल्ट्रॉन’मध्ये ब्लॅक विडो विमानातून मोटरसायकल घेऊन उडी मारते. त्या प्रसंगाचं खेळणं आलं तेव्हा मोटरसायकल होती, विमान होतं, सीटवर मात्र कॅप्टन अमेरिका बसला होता.

आता कुणी विचारेल, अमेरिकेतल्या प्लास्टिकच्या बाहुल्यांचं हे पुराण इथे कशाला? आपल्या पोरांना शिकायला जागा नाही, नोकऱ्या नाहीत, आणि तू वॉल्व्हरिनवर लिहितोस. लिहितो, कारण एक खटला आहे आणि तो आपल्या कामाचा आहे.

अमेरिकेच्या आयात शुल्काच्या नियमांत तेव्हा ‘बाहुली’ आणि ‘इतर खेळणी’ असे दोन वेगळे वर्ग होते. माणसाची प्रतिकृती असेल तर ती बाहुली, शुल्क १२ टक्के. प्राणी, राक्षस, यंत्रमानव असं काही असेल तर ते खेळणं, शुल्क ६.८ टक्के. टॉय बिझचा माल चीनमधून यायचा. कस्टमने एक्स-मेनच्या आकृत्या बाहुल्या ठरवून १२ टक्के लावले. कंपनी कोर्टात गेली. आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या त्या कोर्टात कंपनीचं म्हणणं काय होतं? हे एक्स-मेन माणसं नाहीत.

जरा थांबा आणि एक्स-मेन म्हणजे काय ते आठवा. १९६३ साली स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांनी ही पात्रं घडवली. जन्मतःच वेगळी असलेली मुलं, ज्यांना समाज घाबरतो, ज्यांची नावनोंदणी करावी, ज्यांना हाकलावं, संपवावं असं सरकारला वाटतं. त्यांचे एक प्राध्यापक आहेत, ते सांगतात सोबत राहू. एक बंडखोर आहे, तो सांगतो हे तुम्हाला कधीच आपलं मानणार नाहीत. २००० सालचा पहिला सिनेमा तर पोलंडमधल्या छळछावणीच्या फाटकावर सुरू होतो. अमेरिकेतल्या काळ्यांनी, ज्यूंनी, समलैंगिकांनी या गोष्टीत स्वतःला पाहिलं. आमच्या पिढीच्या मुसलमान पोरांनीही पाहिलं. आपण संशयित आहोत, आपल्याला रोज आपलं माणूसपण सिद्ध करावं लागतं, ही जाणीव आम्हाला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. ‘आम्हीही माणसंच आहोत’ हे त्या गोष्टीचं एकमेव वाक्य. बाकी सगळी हाणामारी.

आणि त्या गोष्टीच्या मालकाने कोर्टात म्हटलं, ही माणसं नाहीत. पाच पूर्णांक दोन टक्क्यांसाठी.

२००३च्या जानेवारीत न्यायाधीश ज्युडिथ बार्झिले यांनी निकाल दिला. त्यांनी साठहून अधिक आकृत्या तपासल्या. कुणाला नखं, कुणाला पंख, कुणाला यंत्राचे हात. एक्स-मेन ही माणसं नव्हेत, ही इतर खेळणी आहेत, असा निष्कर्ष निघाला. कंपनी जिंकली. चाहते दुखावले गेले, तेव्हा मार्वलने खुलासा केला, की काळजी करू नका, आमचे नायक हाडामांसाची माणसंच आहेत, फक्त त्यांच्याकडे विलक्षण शक्ती आहेत. तिकिटाच्या खिडकीवर माणूस, कस्टमच्या खिडकीवर राक्षस. दोन्ही खिडक्यांवर पैसे त्याच खिशात.

मला या निकालात न्यायाधीशांचा दोष दिसत नाही. त्यांच्यापुढे नियम होता, त्यांनी तो लावला. माझं बोट आहे त्या समजुतीकडे, की पडद्यावर अल्पसंख्याकांची कैफियत मांडणारा आपला वकील असतो. तो आपला वकील नाही. आपली कैफियत त्याच्या मालाचं पाकीट आहे.

आता आपल्या घरातलं बोलू. कॅटलॉगमध्ये आपण नव्हतो असं नाही. १९८६च्या सुमाराला कोलेको कंपनीने रॅम्बोची खेळणी काढली. त्यात ‘नोमॅड’ नावाचा एक खलनायक होता, डोक्याला अरबी रुमाल बांधलेला दहशतवादी. अमेरिकेतल्या अरब संघटनांनी त्यावर आक्षेप घेतला होता. वीस-बावीस वर्षांनी ‘आयर्न मॅन’ आला. नायक शस्त्रांचा व्यापारी, अफगाणिस्तानच्या गुहेत पहिलं चिलखत बनवतो. घरी जाऊन दुसरं, तिसरं बनवतो. तिसरं अंगावर चढवून परत एका अफगाण गावावर उतरतो. गावकरी दोन-चार मिनिटं पडद्यावर असतात, तेही पळताना. एका सिनेमात तीन चिलखतं, म्हणजे तीन खेळणी. गाव पार्श्वभूमीला.

मग २०१४ मध्ये कमला खान आली. न्यू जर्सीतल्या पाकिस्तानी कुटुंबातली मुलगी, मिस मार्वल. तिला घडवणाऱ्या सना अमानत आणि जी. विलो विल्सन या दोघी मुस्लिम बायका आहेत, आणि त्यांचं काम मनापासूनचं आहे. मशिदीतल्या बायकांच्या बाजूची गैरसोय, आईबापाचा धाक, जेवणातल्या डुकराच्या मांसाची अडचण हे सारं त्या कॉमिकमध्ये ज्या सहजतेने येतं तसं मी दुसरीकडे वाचलं नाही. २०२२च्या मालिकेत तर फाळणीची रेल्वे आहे. आपल्याकडे व्हॉट्सअ‍ॅपवर तिचे फोटो फिरले. ‘आखिर हमारी भी एक सुपरहिरो’. तिची बाहुलीही आली, आणि तिचा फोटो तर जास्तच फिरला.

मला त्या आनंदाची टिंगल करायची नाही. ज्याला आयुष्यभर खलनायकाचाच रुमाल मिळाला त्याला नायिकेचा दुपट्टा मिळाल्यावर बरं वाटणारच. पण ती मालिका नीट बघा. पहिल्याच भागात कमला कुठे जायला धडपडते? ‘अ‍ॅव्हेंजरकॉन’ला. म्हणजे सुपरहिरोंच्या मर्चंडाइजच्या मेळाव्याला. तिची खोली पोस्टरांनी भरलेली आहे. आपली पहिली नायिका कॅटलॉगमध्ये शिरली ती गिऱ्हाईक म्हणून. नोमॅडपासून कमलापर्यंत एवढी मजल झाली: आधी आपण विकण्याजोगे शत्रू होतो, आता विकत घेणारे झालो. मालिकेच्या शेवटी तिचा पोशाख तिची आई देते. तो प्रसंग पाहून माझ्या बहिणीचे डोळे भरून आले होते. दुकानात तोच पोशाख प्लास्टिकच्या अंगावर रंगवून येतो, आणि आईची त्यात गरज उरत नाही.

‘मग आपण आपली बनवू’ असं म्हणणारेही आहेत. बनवून झालं. २००३ मध्ये सीरियातून ‘फुल्ला’ आली. बार्बीला पर्याय म्हणून, अबाया आणि हिजाब घातलेली, सोबत जानमाज. अरब देशांत प्रचंड खपली. मग तिच्या नावाचे कपडे, दप्तरं, सायकली, नाश्त्याचं पाकीटसुद्धा. बार्बीचा कॅटलॉग उचलला आणि बाहुलीला अबाया घातला. इमानदार मुलीलाही दर महिन्याला नवा पोशाख लागतो, ही अक्कल फुल्लाने शिकवली.

आपल्या मोहल्ल्यात मात्र वाद वेगळाच चालतो. एका बाजूला मौलवी साहेब, ज्यांना बाहुली म्हणजे बुत वाटतो, घरात ठेवली तर फरिश्ते येत नाहीत. दुसऱ्या बाजूला शिकलेले तरुण, ज्यांना हिजाबवाली बाहुली म्हणजे हक्कांची लढाई वाटते. दोघंही बाहुलीकडेच बघत बसलेत. पाकीट उलटून मागची बाजू कुणी वाचत नाही.

मौलवी साहेबांना एक आठवण करून देतो, ती त्यांना माझ्यापेक्षा चांगली माहीत असणार. हजरत आयेशांच्या खेळण्यांची हकिकत हदीसच्या संग्रहात आहे. त्यांच्या बाहुल्यांमध्ये एक घोडा होता, चिंध्यांचे दोन पंख लावलेला. पैगंबर साहेबांनी (स.) विचारलं, घोड्याला कुठे पंख असतात? त्यावर आयेशांनी हजरत सुलेमानांच्या पंखवाल्या घोड्यांचा दाखला दिला, आणि पैगंबर साहेब दिलखुलास हसले. उलेमांनी यावरून खेळणी जायज की नाजायज याची पुष्कळ चर्चा केली आहे. मला त्यातल्या चिंध्या महत्त्वाच्या वाटतात. गोष्ट आधी कानावर आली होती, आणि घरातल्या फाटक्या कापडाचे पंख तिच्यासाठी घोड्याला लागले. त्या घोड्याला मालाचा क्रमांक नव्हता. पंख लावण्यासाठी कुणाची परवानगी लागली नाही. ते पाच वेगवेगळ्या पाकिटांतून एकेक भाग जमवून पुरे करायचे नव्हते. हल्लीच्या संग्राहकांच्या बाहुल्यांमध्ये हीच चलाखी असते: मोठ्या राक्षसाचा एक हात या पाकिटात, पाय त्या पाकिटात. सगळी पाकिटं घेतलीत तर राक्षस उभा राहतो.

या हिशेबाने रमजानमध्ये मोहम्मद अली रोडवर मिळणारा नकली स्पायडरमॅन मला अस्सल मालापेक्षा कमी धोक्याचा वाटतो. त्याचे डोळे तिरळे असतात, रंग हाताला लागतो, कधीकधी छातीवर सुपरमॅनचं चिन्ह असतं. रंगाच्या दर्जाची हमी नाही म्हणून लहान बाळाच्या हातात मी तो देणार नाही, हे वेगळं सांगायला नको. पण त्याच्यामागे गोष्ट नसते. पोराला ती स्वतः रचावी लागते. माझ्या भाच्याने त्याचा रिक्षावाला केला आहे.

कुणी म्हणेल, मग मुलांना सिनेमाच दाखवायचा नाही का? दाखवा. मी स्वतः दाखवतो. एक्स-मेन मला आजही आवडतात. फक्त सिनेमा संपल्यावर खटल्याची गोष्टही सांगा. दहा-बारा वर्षांच्या पोरांना ती लगेच कळते, मोठ्यांपेक्षा लवकर. मागच्या ईदला घरातल्या सगळ्या पोरांना बसवून सांगितली. टक्केवारी त्यांनी कागदावर काढून बघितली. कंपनी कोर्टात काय म्हणाली ते ऐकून मोठी दोघं चिडली. सगळ्यात धाकट्या भाचीने बराच वेळ विचार करून विचारलं, ‘मामू, वॉल्व्हरिनला बोलवलं होतं का कोर्टात?’

नव्हतं बोलवलं.